लक्ष्मीपूजनाच्या रात्री वीज आणून देणाऱ्यांना पोस्त द्यावी की पत्र?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगतो. पुण्यात तुमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे तेवढे चालले. दोन माणसं मोटारसायकलवरून आली आणि पावणेनऊला वीज सुरू करून निघून गेली. चहालाही थांबली नाहीत, आणि गडबडीत त्यांची नावं कोणी विचारली नाहीत. यंदा दर फ्लॅटमागे २०० रुपये काढून त्यांना पाकीट द्यावं, असं तुमच्या मनात आहे. काही सभासदांचं म्हणणं, 'पगार घेतात, कामच आहे त्यांचं.' आणि तुम्हाला धास्ती, की पैसे दिले तर ती लाच तर ठरणार नाही ना, किंवा त्यांना अपमान तर वाटणार नाही ना.

मी ३४ वर्षं याच कामात काढली. वीज मंडळाच्या काळात हेल्पर म्हणून खांबावर चढायला शिकलो. मधली बरीच वर्षं उपकेंद्रात काढली, आणि ६ जून २००५ ला मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्यावर महावितरणमधून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत सोसायटीच्या सेक्रेटरीने आपणहून असा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे वाचून फार बरं वाटलं.

तुम्ही 'काय द्यावं' असं विचारलं आहे. मला त्याच्या आधी दोन प्रश्न दिसतात. आभार मानायचे ते नेमके कोणाचे? आणि ती माणसं तुमच्या आवारात आली, तेव्हा त्यांचं काम सोपं आणि सुरक्षित व्हावं म्हणून सोसायटीने काय केलं होतं? ही दोन उत्तरं सापडली की काय द्यायचं ते आपोआप ठरेल.

थोडं ठिकाणावरही अवलंबून आहे. खेड्यात वायरमन सगळ्यांच्या ओळखीचा असतो. कुणी त्याला मामा म्हणतं, कुणी आण्णा. दिवाळीत चार घरी फराळाला बसवल्याशिवाय त्याला कोणी सोडत नाही, आणि पोस्त म्हणून टॉवेल-टोपी, कुठे नवं धान्य मिळतं. त्या नात्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शहरात तसं नसतं. तक्रार १९१२ वर जाते, येणारी माणसं दर वेळी वेगळी असू शकतात, आणि त्यातला एखादा कायम नोकरीतला तर एखादा बाह्यस्रोत म्हणजे कंत्राटावरचा असतो. मुंबईत तर कंपनीसुद्धा भागाप्रमाणे वेगळी, कुठे बेस्ट, कुठे अदानी, कुठे टाटा पॉवर. गोव्यात सरकारचं वीज खातं आहे. मी पुढे जे लिहितो ते महावितरणच्या भागाला धरून लिहितो. कार्यालयांची नावं बदलली तरी काम सगळीकडे तेच असतं.

पाकिटाचं आधी सांगून टाकतो. देऊ नका. तुमची भावना चांगली आहे याबद्दल मला शंका नाही. पण जो माणूस उद्या तुमच्या सोसायटीचं मीटर तपासायला किंवा जोडणी द्यायला येणार आहे, त्याच्या हातात रोख रक्कम ठेवली की त्याच्यावर बालंट येऊ शकतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. तुमची रक्कम लाच नसेलही, पण ते सिद्ध करत बसण्याची वेळ त्या बिचाऱ्यावर का आणायची? माझ्या ओळखीच्या एका चांगल्या तंत्रज्ञाने असंच प्रेमाने दिलेलं पाकीट घेतलं. शेजारच्या इमारतीतल्या कोणीतरी तक्रार केली. चौकशीत काही निघालं नाही, पण तो दोन महिने नीट झोपला नाही. पुढे तो कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घेईना.

आता कोणाचे आभार मानायचे ते सांगतो. तुम्हाला दोन माणसं दिसली. तिसरा माणूस तुमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर उपकेंद्रात एकटा बसला होता. त्याला आम्ही ऑपरेटर म्हणतो, कागदावर यंत्रचालक. तुमचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागाकडे निघणारी लाईन, ट्रिप होऊन बंद पडला तेव्हा पॅनलवर हूटर (भोंगा) वाजला, आणि त्याने रिले (दोष ओळखणारं उपकरण) पाहिला. ओव्हरकरंट (जास्त प्रवाह) आहे की अर्थ फॉल्ट (वीज जमिनीत उतरणं), हे त्याने लाईनवरच्या माणसांना सांगितलं, वेळ लॉगबुकात टाकली. मग पुढचे दोन तास एका कानाला फोन आणि समोर पॅनल. तो जागा सोडून उठूच शकत नाही. आमच्या उपकेंद्रात दुपारी ४ ते रात्री १२ ही पाळी असायची. लक्ष्मीपूजनाला ती ज्याच्या वाट्याला येई, त्याचं घरचं पूजन मध्यरात्रीनंतर, नाहीतर त्याच्याशिवाय. माझ्या थोरल्या मुलीच्या लहानपणी सलग तीन वर्षं ती माझ्या वाट्याला आली. बायको पाट मांडून ठेवायची आणि मी आल्यावर साडेबाराला दिवा लावायची. मुलगी तोवर पाटाशेजारीच झोपून गेलेली असायची.

ऑपरेटरच्याही मागे माणसं असतात. वीज कुठे फारशी साठवून ठेवलेली नसते. या घटकेला राज्यात जेवढी लागते तेवढी याच घटकेला तयार व्हावी लागते, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते. दिवाळीत घरोघरी माळा लागतात, पण कारखाने सुट्टीवर असतात, त्यामुळे राज्याची एकूण मागणी उलट उतरते. मग चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणचे औष्णिक संच कमी भारावर धरून ठेवावे लागतात आणि कोयनेसारखं जलविद्युत केंद्र गरजेप्रमाणे वर-खाली करावं लागतं. ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता ९ मिनिटं सगळ्यांनी घरातले दिवे मालवले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत चढली. जाळं कोसळलं नाही, कारण मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रांपासून कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या भूमिगत वीजगृहापर्यंत माणसं आपापल्या जागी बसून तो चढउतार सांभाळत होती. त्यांना तुम्ही फराळ पोचवू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पण उपकेंद्रातल्या ऑपरेटरला नक्की पोचवू शकता, आणि लोक नेमकं त्यालाच विसरतात.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने हाच मोठा. तुमच्या सभासदांपैकी कोणीतरी त्या रात्री म्हणालं असेल, 'फ्यूज तर टाकायचाय, पाच मिनिटांचं काम, एवढा वेळ का?' तो वेळ कशात जातो ते सांगतो.

लाईनवर हात लावण्याआधी परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची नोंदवलेली परवानगी, घ्यावं लागतं. जमिनीवरचा माणूस ऑपरेटरला फोन करून फीडरचं नाव सांगतो. ऑपरेटर तो फीडर बंद करतो, आयसोलेटर (लाईन तोडून वेगळी करणारा स्विच) उघडतो, परमिटचा नंबर देतो, आणि दोघेही तो लिहून घेतात. मग जागेवर खांबावरचा एबी स्विच उघडायचा आणि त्याचं पातं खरंच सुटलंय का ते डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर तारेतली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड. एक टोक जमिनीतल्या अर्थिंगला, दुसरं टोक लांब काठीने तारेला. काम जिथे करायचं त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थ करायचं. एवढं झाल्यावरच खांबावर पाय. काम संपलं की सगळी माणसं खाली आली का ते मोजायचं, रॉड काढायचे, परमिट परत करायचं, आणि मग ऑपरेटर लाईन चार्ज, म्हणजे पुन्हा सुरू, करणार. तुमच्या भागात केबल जमिनीखालून आहे, तिथे तर दोष कुठल्या तुकड्यात आहे हे शोधायलाच एका आरएमयूपासून, म्हणजे केबलच्या वाटेवरच्या स्विचपेटीपासून, पुढच्या आरएमयूपर्यंत एकेक भाग वेगळा करून बघावं लागतं. घाई करायला लावणारा माणूस नकळत यातली एखादी पायरी गाळायला लावत असतो. जे अपघात मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत अशीच एखादी पायरी गाळलेली होती.

एक अनुभव लिहितो, कारण तुमच्याकडे जनरेटर आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. परतीच्या पावसाने एका गावाची लाईन तुटली होती. परमिट घेतलं, स्विच उघडला, वरून लाईन मेलेली. माझा जोडीदार म्हणाला, 'चढू का? लाईन बंदच आहे.' मी म्हटलं, रॉड लाव आधी. रॉड तारेला टेकला आणि चर्रर आवाज होऊन हातभर ठिणगी उडाली. फीडर बंद, स्विच उघडा, तरी लाईन जिवंत! आम्ही दोघं तिथेच खाली बसलो. मग गावात घरोघर फिरलो. शेवटी एका मंगल कार्यालयात साखरपुडा चालू होता, तिथे जनरेटर सापडला. वायरमन न बोलावता कोणीतरी त्याची वायर थेट तिथल्या बोर्डात खोचली होती, आणि मेन स्विच चालूच ठेवला होता.

असं का होतं, तर ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. आपल्याकडे तो ११ हजार व्होल्टचे ४३३ करून देतो. खालून कोणी जनरेटरचा पुरवठा उलटा सोडला, तर तोच ट्रान्सफॉर्मर तो साधारण पंचवीसपट चढवून वरच्या तारांवर टाकतो. एका घराचा जनरेटर चार खांब पलीकडच्या माणसाला मारू शकतो. मालकाला कळतसुद्धा नाही, कारण त्याच्या घरातले दिवे नीट लागलेले असतात.

म्हणून ताई, फराळाची यादी करण्याआधी एक काम करा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावून जनरेटरचा चेंजओव्हर, म्हणजे वीज बाहेरून घ्यायची की जनरेटरवरून ते बदलणारा स्विच, तपासून घ्या. महावितरणचा पुरवठा आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणं अशक्य असलं पाहिजे, आणि न्यूट्रलची तारसुद्धा वेगळी झाली पाहिजे. विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीची कागदपत्रं कपाटात आहेत का तेही बघून घ्या. घरोघरच्या इन्व्हर्टरची जोडणी कोणी हौसेने बदलली असेल तर तीही तपासायला हवी. गच्चीवर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्यावर आपोआप बंद व्हायला हवा. चांगल्या बनावटीचा इन्व्हर्टर तसा होतोच, फक्त बॅटरीसाठी कोणी त्यात फेरफार केलेला नाही ना, एवढं विचारा. याला काही हजार रुपये लागतील. वर्गणी काढायचीच असेल तर आधी यासाठी काढा. त्या दोन माणसांचे याहून मोठे आभार मला सुचत नाहीत.

दिवाळीपुरत्या आणखी दोन-चार गोष्टी आहेत, त्या पटकन सांगतो. आकाशकंदील किंवा माळा खांबाला, सर्व्हिस वायरला बांधू नका. चमकीच्या पट्ट्या तारांपासून लांब ठेवा, त्यांतून करंट जातो. डीपीजवळ (खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर) आणि फीडर पिलरजवळ (रस्त्याकडेची वीजपेटी) फटाके नकोत. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं, आणि खाली साठलेल्या कचऱ्यावर एक रॉकेट पडलं तरी पुरतं. पुण्यातला नेहमीचा त्रास म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दारासमोर लावलेल्या गाड्या. पाहुणे आलेले असतात, मालक सापडत नाही, आणि तंत्रज्ञ शिडी घेऊन उभा. वॉचमनला आजच सांगून ठेवा की ती जागा मोकळी राहिली पाहिजे.

वीज गेली तर सगळ्या सोसायटीतर्फे एकाच माणसाने १९१२ वर तक्रार नोंदवावी. १२ अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा आणि तक्रारीचा नंबर सगळ्यांना कळवावा. तंत्रज्ञाचा वैयक्तिक मोबाइल कोणाकडे असेल, तर त्यावर ६४ घरांतून फोन जाऊ देऊ नका. खांबावर असताना खिशातला फोन वाजत राहिला की लक्ष तुटतं. आणि त्याच फोनवर ऑपरेटरही त्याला शोधत असतो.

आता द्यायचं काय. फराळ द्या, भरपूर द्या, आणि सगळ्यांना सारखा द्या. दोन ठिकाणी: तुमच्या शाखा कार्यालयात आणि ज्या उपकेंद्रातून तुमचा फीडर निघतो तिथे. किती माणसं आहेत ते आधी विचारून घ्या, म्हणजे कायम नोकरीवाल्याला मिळालं आणि कंत्राटावरचा बघत राहिला असं होणार नाही. बोनसच्या दिवसांत हा फरक त्याला आधीच टोचत असतो. त्यात आपण भर घालू नये. चिवडा, चकली, शंकरपाळे, कडबोळी असं कोरडं द्या, झाकणाच्या डब्यात. लाडू-पेढ्यांपेक्षा ते बरं, कारण पाळीत कधी एक घास, कधी तासाभराने दुसरा, असं खाणं होतं.

चहाला का थांबले नाहीत, याचं तुम्हाला वाईट वाटलं. एक तर त्यांच्याकडे पुढची तक्रार आलेली असणार. दुसरं, हात ग्रीसने आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने काळे झालेले असतात, बुटांना चिखल असतो, आणि पूजेच्या दिवशी कोणाच्या स्वच्छ फरशीवर पाय ठेवायचा संकोच वाटतो. मलाही वाटायचा. घरात बोलावण्याऐवजी चहा खाली, त्यांच्या गाडीपाशी नेऊन द्या. सोबत पाण्याची बाटली, साबण आणि एक जुना टॉवेल. आणि वॉचमनच्या केबिनजवळचं स्वच्छतागृह उघडं ठेवा. आता या कामात मुलीही आहेत, त्याही खांबावर चढतात. रात्रीच्या कामात त्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते, आणि त्या ती कोणाला सांगत नाहीत.

म्हणजे तुमच्यापुरतं असं ठरलं: रोख नाही; वर्गणी आधी चेंजओव्हरला, उरलेली फराळाला; फराळ शाखा कार्यालय आणि उपकेंद्र दोन्हीकडे, सगळ्यांना सारखा. आणि यासोबत एक पत्र, ज्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत.

'पगार घेतात' म्हणणाऱ्या सभासदांशी मी वाद घालणार नाही. पगार घेतात हे खरंच आहे, आणि काम करायला ते बांधील आहेत. पण त्यांनाच विचारा, गेल्या वर्षी सोसायटीने वीज कार्यालयाला किती पत्रं पाठवली आणि त्यांतली तक्रारीची किती. आमच्या कार्यालयातल्या आवक नोंदवहीत मी निवृत्त होईपर्यंत पाहिलं. तक्रारी, स्मरणपत्रं, बिल दुरुस्तीचे अर्ज. आभाराचं पत्र क्वचित. पण ते आलं की साहेब सगळ्यांना बोलावून वाचून दाखवायचे, आणि ज्याचं नाव त्यात असे तो त्याची झेरॉक्स मागून घरी न्यायचा. महावितरणमध्ये १ मे ला गुणवंत तांत्रिक कामगारांचा गौरव होतो. तिथे नावं पुढे पाठवताना असं पत्र फाइलला असलं तर साहेबांनाही आधार मिळतो. कंत्राटावरच्या मुलाला तर उद्या दुसरीकडे अर्ज करताना दाखवायला तेवढा एकच कागद असतो.

नावं माहीत नसली तरी अडत नाही. तारीख, वेळ आणि भाग लिहा. त्या रात्री कोण कामावर होतं हे लॉगबुकात आणि तक्रार नोंदीत असतं, साहेब शोधून काढतील. पत्र शाखेच्या सहायक अभियंत्यांच्या नावे, आणि प्रत विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना. मजकूर चार ओळींचा पुरे:

'गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसहाला आमच्या भागातला वीजपुरवठा बंद पडला. आपल्या दोन तंत्रज्ञांनी आणि त्या पाळीच्या यंत्रचालकांनी तो पावणेनऊपर्यंत सुरू केला. आम्ही ६४ कुटुंबांनी त्या दिव्यांत पूजा केली. त्यांची स्वतःच्या घरची पूजा त्यासाठी लांबली असेल, याची आम्हाला जाणीव आहे. आपण त्यांची नावं कळवलीत तर आम्हाला त्यांना भेटायला आवडेल.'

एक वर्ष उशीर झालाय म्हणून संकोच करू नका. यंदाच्या दिवाळीत जमलं नाही, तर ४ मार्चला लाईनमन दिवस असतो. २०२१ पासून तो पाळतात, तेव्हा द्या.

फराळ घेऊन उपकेंद्रात जाल तेव्हा मुलांना न्या, पण हात धरून. लक्ष्मीपूजनाला दुपारी चारच्या सुमारास गेलात तर बहुतेक ठिकाणी पाळी बदलत असते, आणि दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात. गेटवरूनच हाक मारा, आत यार्डात पाऊल टाकू नका, गेट उघडं दिसलं तरी नाही. ऑपरेटर बाहेर येईल. बोलता बोलता आत हूटर वाजला, तर तो वाक्य अर्धं सोडून पळत जाईल. तुम्ही डबा गेटजवळच्या कठड्यावर ठेवा आणि या.